न पाळलेली, न पळणारी

ओसाकाहून किन्तेत्सु रेल्वेनं पाऊण तासात नारा येतं. स्टेशनाबाहेर पडून पूर्वेकडचा हलका चढ धरला की पाच-दहा मिनिटांत पहिलं हरीण दिसतं, तेही सरकारी कचेरीसमोरच्या हिरवळीवर. दुसरं पदपथावर बसून रवंथ करत असतं. तिसरं रस्त्याच्या कडेला उभं असतं, वाहनं थांबली की माणसांच्या घोळक्याबरोबर तेही पलीकडे जातं. साडेतीन लाख वस्तीच्या या शहरात, नारा पार्क आणि आसपासच्या देवळांच्या आवारात, अशी तेराशेच्या आगेमागे हरणं आहेत. त्यांना कुंपण नाही, दावं नाही, रात्री कोंडायला गोठा नाही. आणि त्यांना मालकही नाही.

ही हरणं पाळीव नाहीत, हे इथं आलेल्या पाहुण्याला पटता पटत नाही. पण जपानी कायद्याच्या लेखी ती वन्य प्राणी आहेत, आणि 1957 पासून राष्ट्रीय नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षित आहेत. पर्यटकांनी दिलेली बिस्किटं त्यांच्यासाठी निव्वळ चाळवाचाळव. पोट भरतं ते गवतावर, पाल्यावर आणि शरदात झाडाखाली पडणाऱ्या ओकच्या फळांवर. विणीच्या दिवसांत गाभण माद्यांना काही काळ एका बंदिस्त आवारात नेतात, आजारी-जखमींवर उपचार करतात. एरवी कुठे चरायचं, कुठे बसायचं, कोणाशी झुंजायचं हे हरणांचं हरणं ठरवतात.

हे सिका हरीण. आपल्या चितळासारखंच सारंग कुळातलं, म्हणजे भरीव, फाटे फुटणारी आणि दरवर्षी गळून नव्यानं येणारी शिंगं असलेलं. उन्हाळ्यात त्याच्या तांबूस अंगावर पांढरे ठिपके असतात, त्यामुळे मराठी डोळ्याला पहिल्या नजरेत हे चितळच वाटतं. थंडीत अंगावर दाट करडे केस येतात आणि ठिपके दिसेनासे होतात. ताडोब्यात चितळांचा कळप ज्यांनी पाहिलाय त्यांना हरणाचा स्वभाव माहीत आहे. कान टवकारलेले, एक पाय उचललेला, आणि जरा खुट्ट झालं की शेपट्या उभारून सगळा कळप पसार. पळणं हाच ज्याचा जगण्याचा उपाय, तो प्राणी इथं अनोळखी माणसाच्या बाहीला नाक लावून उभा राहतो. का?

याचं उत्तर शोधायला आठव्या शतकात जावं लागतं. 710 ते 784 या काळात नारा ही जपानची राजधानी होती, तेव्हा तिचं नाव हेइजो-क्यो. दरबारात फुजिवारा घराण्याचं वजन होतं. या घराण्यानं 768 साली मिकासा डोंगराच्या पायथ्याशी कासुगा देवस्थान उभारलं आणि दूर पूर्वेकडच्या काशिमाहून ताकेमिकाझुचि या देवाला तिथं आणून स्थापन केलं. हा देव पांढऱ्या हरणावर बसून आला, अशी कथा आहे. देवाचं वाहन म्हटल्यावर त्या डोंगरावरची सगळीच हरणं देवाची झाली. पुढच्या शतकांत दरबारी मंडळींच्या रोजनिशींत हरीण आडवं आल्याचे शुभशकुन टिपलेले आढळतात. कासुगाच्या चित्रांमध्ये तर अनेकदा देव दिसतच नाही. दिसतं ते खोगीर चढवलेलं पांढरं हरीण, त्याच्या पाठीवर पवित्र साकाकी वृक्षाची फांदी आणि त्यावर तोललेला आरसा.

भारतीय पाहुण्याला इथं हमखास सारनाथ आठवतं. बुद्धाचं पहिलं प्रवचन मृगवनात झालं, इथं तोदाइजी मंदिरात 15 मीटर उंचीचा बुद्ध बसलाय आणि दारात हरणं आहेत, तेव्हा संबंध जोडायला वेळ लागत नाही. पण ही हरणं बुद्धाबरोबर आलेली नाहीत, ती शिंतो देवाची आहेत. भारताचा धागा आहे तो वेगळ्याच ठिकाणी. 752 साली या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी झाला, तो केला बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूनं. तो 736 मध्ये चीनमार्गे जपानला पोचला होता. मूर्तीच्या डोळ्यांत बुबुळं रेखणाऱ्या त्याच्या कुंचल्याला लांब दोर बांधले होते आणि जमलेल्या लोकांनी ते हाती धरले होते, म्हणजे पुण्याचा वाटा सगळ्यांना मिळावा. कासुगा देवस्थान त्यानंतर सोळा वर्षांनी उभं राहिलं.

देवाचं म्हटलं की हात लावायचा नाही, हे तत्त्व आपल्याला नवं नाही. सह्याद्रीतल्या देवराया त्यावरच टिकल्या. नाऱ्यात देवराईही आहे आणि तिच्यातून बाहेर येऊन गावभर हिंडणारा देवाचा कळपही. देवळामागच्या कासुगा डोंगरावर 841 सालीच वृक्षतोड आणि शिकार यांना बंदी झाली, आणि शहराला अगदी खेटून असलेलं ते आदिम अरण्य आजही उभं आहे. 1998 मध्ये युनेस्कोनं प्राचीन नाऱ्याची जागतिक वारसा म्हणून नोंद केली, तेव्हा मंदिरांच्या बरोबरीनं या अरण्याचाही त्यात समावेश झाला.

हरणाच्या बाबतीत हा नियम नुसता श्रद्धेचा राहिला नाही, त्याला दंडुक्याचा धाक होता. मध्ययुगात कोफुकुजी मठाची नाऱ्यावर सत्ता होती आणि हरीण मारणाऱ्याला देहदंड होई. या मठाच्या एका आवारात आजही एक दंतकथा सांगतात. सानसाकु नावाचा मुलगा सुलेखन गिरवत होता, हरणानं येऊन त्याचा कागद खाल्ला, त्यानं रागानं कागदावर ठेवायचं वजन फेकून मारलं आणि हरीण मेलं. शिक्षा म्हणून त्याला मेलेल्या हरणासोबत दगडमातीत जिवंत पुरलं. कथा खरी की खोटी हा भाग निराळा, पण भीती खरी होती. नाऱ्याचे लोक पहाटे लवकर उठतात, असं जपानात म्हणत. कारण काय, तर दारात मेलेलं हरीण पडलं असेल तर शेजारी जागा व्हायच्या आत ते आपल्या दारातून हलवायला हवं!

रकुगो या जपानी एकपात्री कथनकलेत यावरचा एक मासलेवाईक किस्सा आहे. टोफू विकणारा एक गरीब म्हातारा पहाटेच्या अंधारात दारातला सोयाबीनचा चोथा खाणाऱ्या कुत्र्याला लाकूड फेकून मारतो. उजाडल्यावर बघतो तर ते हरीण. खटला उभा राहतो. न्यायाधीश दयाळू असतो. म्हाताऱ्याचा जीव वाचवायचा तर एकच वाट उरते, म्हणून तो निकाल देतो की हे कुत्रं आहे. हरणांच्या देखरेखीवरचा अधिकारी हरकत घेतो. न्यायाधीश विचारतो, हरीण आहे तर मग शिंगं कुठायत? अधिकारी सांगतो की शिंगं ठरावीक ऋतूत गळतात. यावर न्यायाधीश शांतपणे दुसरी वही उघडायला लावतो. हरणांच्या खाण्यासाठी सरकारातून येणाऱ्या पैशांचं काय होतं? भुकेलं हरीण लोकांच्या दारात चोथा खायला का येतं? अधिकाऱ्याला घाम फुटतो आणि मेलेलं हरीण एकमतानं कुत्रं ठरतं.

आता हरीण न मारण्याच्या या नियमानं निसर्गात काय घडवलं ते बघू, कारण खरी नवलाई तिथं आहे. कोणत्याही धाकानं वा श्रद्धेनं एखादी गोष्ट हजार वर्षं पाळली गेली, की ती माणसांच्या मनात मावत नाही, रक्तात आणि मातीत उतरते. 2023 मध्ये जपानी संशोधकांनी कीइ द्वीपकल्पातल्या तीस ठिकाणच्या जवळपास तीनशे हरणांची जनुकं तपासली. नारा पार्कच्या हरणांमध्ये मातेकडून येणारी जी जनुकीय खूण सापडली, ती आसपासच्या कुठल्याच कळपात नव्हती. भोवतालची हरणं शिकारीमुळं घटत गेली, कुठे नामशेष झाली. देवळाच्या छायेतला हा एक वंश मात्र हजार वर्षांहून अधिक काळ वेगळा टिकून राहिला. या हरणांच्या बहुतेक पिढ्यांना माणसाच्या हातून मरण ठाऊक नाही. आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर या न मिळालेल्या अनुभवात आहे. न घाबरणारी आई आपल्या पाडसाला माणसाला घाबरायला शिकवत नाही.

पायाखालचं गवत बघा. पार्कातली हिरवळ कातरलेल्या गालिच्यासारखी दिसते, पण ती कापायला यंत्र लागत नाही. हे बुटकं जपानी गवत हरणांनी कितीही खुडलं तरी बुडातून पुन्हा फुटतं. त्याचं बी हरणाच्या पोटातून बाहेर पडलं की अधिक चांगलं रुजतं, सोबत खत असतंच. मग तेराशे हरणांच्या लेंड्यांचं काय होतं? गवतात वाकून एखादी लेंडी काडीनं हलवली तर खाली हालचाल दिसते. झळाळत्या निळ्या पाठीचा, रत्नासारखा एक किडा लेंडीचा तुकडा मातीत ओढत असतो. हे शेणकिडे. पार्कात त्यांच्या डझनावारी जाती आहेत. ते लेंड्या फोडतात, पुरतात, त्यावर आपली पिल्लं वाढवतात आणि माती कसदार करतात. हरणं गवत खातात, किडे लेंड्या खातात, गवत किड्यांनी केलेल्या मातीवर वाढतं. या साखळीत माळी कुठेच नाही.

मग मान वर करून झाडं बघा. सगळ्या झाडांची पानं जमिनीपासून साधारण दोन मीटरवर एका रेषेत संपतात, जणू कोणी दोरी धरून छाटली आहेत. हरणाची मान पोचते तिथपर्यंत पाला शिल्लक नाही. त्या रेषेखाली जे हिरवं दिसतं ते हरणांनी नाकारलेलं. कासुगाच्या वाटेवर दाटून वाढलेली आसेबीची झुडपं विषारी, म्हणून शाबूत. नागी नावाच्या झाडांनाही हरणं तोंड लावत नाहीत, म्हणून त्यांचं फावलं आणि आता ती त्या जुन्या अरण्यात हातपाय पसरताहेत.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे इथली खाजरी वनस्पती. अंगाला लागली की आग होते ते हे झुडूप जपानात इतरत्रही आहे, पण नारा पार्कातल्या झुडपांच्या पानांवर दंश करणारे बारीक काटेरी केस इतर ठिकाणच्या मानानं कित्येक पट दाट असतात. संशोधकांनी इथलं बी वेगळ्या जागी, हरणांविना वाढवून पाहिलं. तरीही केस दाटच आले. म्हणजे हा गुण वारशानं उतरलेला. ज्या रोपांचे केस विरळ ती हरणांच्या पोटात गेली, ज्यांचे दाट त्यांचं बी पुढं गेलं. पांढऱ्या हरणाची एक कथा शेवटी एका पानाच्या काट्यांत उमटली.

आता पर्यटक ज्यासाठी येतात तिकडं वळू. पार्कात जागोजागी शिका सेनबेई विकायला बसलेल्या बायका दिसतात. तांदळाचा कोंडा आणि गव्हाचं पीठ यांची ही पातळ गोल बिस्किटं. साखर नाही, तेल नाही, आणि गठ्ठ्याभोवतीची कागदी पट्टी हरणानं गिळली तरी अपाय होऊ नये अशी. विक्रीतला वाटा हरणांच्या देखभालीला जातो. गंमत अशी, की विक्रेतीच्या पुढ्यात मांडलेल्या गठ्ठ्यांना हरणं सहसा तोंड लावत नाहीत. पैसे देऊन गठ्ठा गिऱ्हाइकाच्या हातात गेला, की मात्र तो माणूस वेढला गेलाच!

मग तो प्रसिद्ध नमस्कार होतो. हरीण समोर येतं, मान खाली-वर करतं, थांबतं, डोळ्यांत बघतं, पुन्हा मान लववतं. जपानी माणूसही कमरेत वाकून उत्तर देतो, पर्यटक हरखून फोटो काढतो. हरणांच्या जगात डोकं खाली झुकवणं ही मुळात आव्हानाची, शिंगं रोखण्याची हालचाल आहे. पण इथं मान हलवली की बिस्किट मिळतं, हे त्यांनी हेरलं. नारा महिला विद्यापीठाच्या संशोधकांनी या नमस्कारांची चक्क मोजदाद केली. 2016-17 मध्ये बिस्किट दाखवल्यावर एक हरीण सरासरी 10.2 वेळा मान लववत होतं. करोनाच्या काळात पर्यटक आटले, तेव्हा हा आकडा 6.4 वर आला. गिऱ्हाईक कमी झाल्यावर नमस्कारही घटले. फोटोसाठी बिस्किट उगाच नाचवत ठेवलं तर हा नमस्कार दमदाटीत बदलतो, आधी सदरा ओढला जातो, मग चावा. पार्कातल्या पाट्यांवर चार चित्रं असतात: चावणारं हरीण, लाथ मारणारं, ढुशी देणारं, पाडणारं. त्या पाट्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत. मे ते जुलैमध्ये पाडसांच्या आया आणि शरदात माजावर आलेले नर यांच्यापासून चार हात लांब राहावं. गवतात एकटं बसलेलं पाडस दिसलं तर त्याला कुरवाळू नये. माणसाचा वास लागला तर आई त्याला टाकून देऊ शकते.

नरांच्या शिंगांवर तर नाऱ्यानं साडेतीनशे वर्षांपूर्वीच तोडगा काढला. 1670च्या दशकारंभी शिंगं कापण्याची प्रथा सुरू झाली, कारण माजावरचे नर लोकांना जखमी करत आणि एकमेकांचे जीवही घेत. आज ऑक्टोबरमध्ये हा सोहळा प्रेक्षकांसमोर होतो. रिंगणात नर सोडतात. हाकारे दोर घेऊन पळतात, धावत्या हरणाच्या शिंगांत फास टाकतात आणि खांबाला वेढा देऊन त्याला हळूहळू ओढून घेतात. चार-पाच जण त्याला चटईवर आडवं करतात, डोक्याखाली उशी देतात. मग टोपी आणि पांढरा झगा घातलेला पुजारी पुढं येतो, हरीण शांत व्हावं म्हणून त्याला पाणी पाजतो आणि करवतीनं शिंगं उतरवतो. हरणाला वेदना होत नाही, कारण उन्हाळाभर रक्त वाहणारं मखमली आवरण तोवर गळलेलं असतं आणि आत उरतं ते निर्जीव हाड. शिंगं देवापुढं ठेवतात. मोकळा झालेला नर उठतो, अंग झाडतो आणि कळपात निघून जातो. वसंतात नवी शिंगं फुटतातच.

याहून सौम्य असा दुसरा सोहळा थंडीतला. तोबिहिनोच्या माळावर सकाळी एक माणूस बिनचाव्यांचं पितळी शिंग ओठाला लावतो आणि बीटहोवनच्या सहाव्या सिम्फनीतली धून वाजवतो. पहिल्या काही सुरांतच रानाच्या कडेला कान दिसू लागतात, मग उतारावरून कळपच्या कळप धावत येतात. 1892 मध्ये हे सुरू झालं तेव्हा बिगूल होता. बदल्यात हरणांना ओकची फळं मिळतात.

इतकं सगळं वाचून हे नातं कायमचं, आपोआप टिकणारं आहे असं वाटेल. तसं ते नाही. दोनदा ते तुटता तुटता वाचलं. मेइजी क्रांतीनंतर जुन्या श्रद्धा मागासलेल्या ठरल्या आणि 1873 च्या सुमारास इथल्या गव्हर्नरनं हरणं कोंडून घातली. उपासमार आणि रोगराईनं ती चाळीसच्याही खाली आली. पुढं जपणूक झाली, संख्या वाढली, आणि मग दुसरं महायुद्ध आलं. भुकेल्या देशात देवाचं हरीणही मांसच ठरलं. 1945 मध्ये उरली होती 79. आजचा कळप त्या 79 हरणांतून वाढलाय. जो नियम आपण हजार वर्षांचा म्हणतो, तो प्रत्यक्षात पुन्हा पुन्हा नव्यानं मान्य करावा लागला आहे.

आणि तो मान्य करण्याची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. पार्कातलं हरीण पर्यटकाला गोड दिसतं. तेच हरीण रात्री भाताच्या खाचरात शिरलं तर शेतकऱ्याला काय वाटत असेल? 1979 मध्ये शेतकरी कोर्टात गेले. कोणाचंच नसलेल्या हरणानं पीक खाल्लं तर भरपाई कोणी द्यायची? 1985 मध्ये तडजोड झाली आणि परिसराचे पट्टे आखले गेले: गाभ्यात पूर्ण संरक्षण, बाहेर जावं तसतशी ढील. सर्वांत बाहेरच्या पट्ट्यात 2017 पासून हरणं पकडून मारण्याचीही मुभा आहे. अरण्यालाही भार सोसावा लागतोच. कोवळी रोपं हरणं खाऊन टाकतात, म्हणून कासुगाच्या त्या राखीव रानात आता जागोजागी जाळ्या लावून रोपं वाचवावी लागतात.

पर्यटकांचा भार वेगळा. 2019 च्या मार्च ते जून या काळात पार्कात 14 हरणं मेली. त्यातल्या 9 हरणांच्या पोटात प्लॅस्टिक सापडलं, एकाच्या पोटात तर 4.3 किलो. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पहिल्या जठरात पिशव्यांचा गोळा अडकला की खाल्लेलं पचत नाही. पोट भरलेलं असून तो उपाशी मरतो. खाऊचा वास असलेली पिशवी हरणाला खाऊच वाटते. त्यानंतर स्थानिक उद्योजकांनी दुधाच्या रिकाम्या खोक्यांचा लगदा आणि तांदळाचा कोंडा यांपासून हरणाला बाधणार नाही असा कागद केला आणि त्याच्या पिशव्या वापरात आणल्या. त्याच जपानात मियाजिमा बेटावरही हरणं माणसांत हिंडतात, पण तिथं हरणांना काहीही खायला घालू नका, असं बजावतात. म्हणजे जपाननंही नाऱ्याला सरसकट नमुना मानलेलं नाही.

मानू नयेच. नाऱ्याच्या हरणाला बिस्किट चालतं म्हणून ताडोब्यातल्या चितळापुढं वेफर्सचा पुडा धरणं हा शुद्ध मूर्खपणा. नाऱ्यात नियम पाळत आलेलं शहर आहे, एक बिस्किट ठरलेलं आहे, दरवर्षी मोजदाद ठेवणारी माणसं आहेत, आणि तरीही पोटांत प्लॅस्टिक निघतं. नाऱ्यापासून उचलायचं असेल तर एवढंच उचलावं: जवळिकीच्या आधी न मारण्याची शतकं लागतात, आणि जवळीक आली की जबाबदारी घटत नाही, वाढते. सध्या तिथला वाद बाहेरच्या पट्ट्यांवरून आहे. जनुकांची तपासणी सांगते की गाभ्यातला वंश अनोखा आहे. शेतकरी सांगतो की त्याच्या बांधावर आलेलं हरीण अनोखं असो वा नसो, भात खातं. देवाच्या वाहनाची हद्द नेमकी कुठं संपते, हे पूर्वी मठ ठरवत असे. आता ते शेतकरी, शास्त्रज्ञ, देवस्थान आणि सरकार यांना एका टेबलाभोवती बसून ठरवावं लागतंय.